आई मुलं आणायला जायची

गेल्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसच्या सीएसआर कमिटीत, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला समाजकामाचा वाटा कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या समितीत, मला घेतलं. घेतलं म्हणजे काय, बिलं तपासायला अकाउंट्समधला कोणीतरी लागतो आणि त्या दिवशी आमचे साहेब रजेवर होते. ऐरोलीतली चौथ्या मजल्यावरची काचेची खोली. एसी इतका गार की बायका शाल घेऊनच येतात. पडद्यावर एक आलेख आणि त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: एक डॉलर घाला, सात डॉलर मिळवा. गरिबाघरच्या लहान मुलांच्या शिक्षणावर एक डॉलर घातला की पुढे समाजाला सात परत मिळतात, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, असं सादर करणाऱ्या मुलीने सांगितलं. पुढच्या स्लाइडवर आपण काय करायचं ते होतं. ऐरोलीजवळच्या दिघ्यातली एक अंगणवाडी दत्तक घ्यायची. भिंतींवर प्राणी आणि एबीसीडी, एक त्रेचाळीस इंची टीव्ही, नव्या सतरंज्या, दारावर कंपनीचा बोर्ड.

मी तोवर बिस्किटं खात होतो. दिघा म्हटल्यावर चावायचा थांबलो.

माझी आई दिघ्यातच अंगणवाडीत मदतनीस होती. १९९६ ते २०२२. हे त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. बरं, थोडी वाटली असेल. पण आठ वर्षं या ऑफिसात 'आई घरीच असते' असं सांगत आलोय, आता बिस्किटाचा घास तोंडात असताना कसं सांगणार?

लहानपणी कोणी विचारलं, आई काय करते, की मी म्हणायचो, आई मुलं आणायला जाते. शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात वडिलांनी 'नोकरी' लिहिलं तेव्हा मला ते फार मोठं वाटलं होतं. आईने ते खोडून 'मानधन' लिहायला सांगितलं. लोकांना 'नोकरी' सांगाल आणि उद्या कोणी रेशनकार्ड तपासायला येईल, ही तिची भीती.

तर मुलं आणणं. नऊच्या सुमारास ती अंगणवाडीची किल्ली घेऊन निघायची. भाड्याची दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. आधी झाडलोट, पिण्याचं पाणी भरून ठेवणं, मग फेरी. फेरीचा क्रम ठरलेला. आधी रिकाम्या हाताने पार वर, डोंगराच्या अंगाला जिथे शेवटच्या झोपड्या होत्या तिथे, आणि तिथून मुलं गोळा करत खाली. जवळची पोरं सगळ्यात शेवटी, कारण ती आधी आणून बसवली तर कंटाळून परत घरी पळतात. सगळ्यात धाकटं कडेवर, एकाने पदर धरलेला, बाकीची एकमेकांच्या शर्टाला धरून आगगाडी. तेव्हा ठाणे-वाशी गाडीही नव्हती, ती सुरू झाली २००४ मध्ये. दिघ्याच्या कित्येक पोरांनी पहिली आगगाडी पाहिली ती ही.

दर दाराचं तंत्र वेगळं. एका घरी आई-बाप दोघं मजुरीच्या नाक्यावर, सातलाच गेलेले. तीन वर्षांचं पोरगं आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. आई त्या बहिणीलाही घेऊन यायची, कारण ती आल्याशिवाय धाकटा हलत नसे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. त्या मुलीचं नाव कुठल्या रजिस्टरात बसत नव्हतं. खिचडी वाढताना सेविकाबाई दुसरीकडे बघायच्या. दुसऱ्या घरी रोज ताप असायचा. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "ताप पोराला न्हाई, तुझ्या अंगात हाय. दे त्याला." तिसऱ्या घरी सासू. सासूशी आधी दोन मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलावं लागे, मग नातू मिळे. तोंड न धुतलेल्यांचं तोंड वाटेतल्या नळावर. ओटीत फुटाणे असायचे, पण ते वर चढताना कधीच द्यायची नाही, खोलीत बसल्यावर द्यायची. लाच नंतर द्यायची असते, हे मी तिच्याकडूनच शिकलो. अकाउंट्समध्ये फारसं उपयोगी पडलं नाही.

माझी शाळा दुपारची होती. सातवीपासून खालची आळी तिने मला दिली. पहिल्या दिवशी मी एका घराहून रिकामाच परत आलो.

"येत नाही म्हणतोय."

"दार वाजवलंस का नुस्ती हाक मारलीस?"

"हाक मारली."

"हाक म्या हितनं पण मारली असती. जा."

परत गेलो. पोरगं कॉटखाली होतं. ते आता रबाळ्याला एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. स्टेशनवर भेटला की मला 'सर' म्हणतो आणि दोघांनाही हसू येतं.

पटावर चाळीस मुलं असायची. फेरी झाली की बावीस-पंचवीस बसलेली दिसायची. पावसात पंधरा. आई तापाने पडली तर सात, आणि ती सातही खोलीच्या शेजारची. हे आकडे मला आठवतात कारण पाटीवर रोजची हजेरी मी लिहायचो. माझं अक्षर बरं होतं.

एरवी अंगणवाडी म्हटलं की लोकांना खिचडी आठवते, नाहीतर वजनकाटा. ते चुकीचं नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात सहा कामं आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. आहाराला माप आहे. आई निवृत्त झाली तेव्हा ते मुलामागे दिवसाला ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं. पैशालाही माप आहे. मुलामागे दिवसाला आठ रुपये, हा दर २०१७ चा. ऐरोली स्टेशनबाहेर आठ रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही. आणण्याला मात्र माप नाही. मदतनिसाच्या कामांच्या यादीत 'मुलांना घरून अंगणवाडीत आणणे' असं लिहिलेलं असतं, स्वयंपाक आणि साफसफाई यांच्याच रांगेत, एका ओळीत.

वरच्या झोपड्यांना तर वेगळी अंगणवाडी हवी होती. डिसेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. झोपडपट्ट्यांनाही हे लागू. हे मला कळलं मोठेपणी. वरच्या वस्तीत तर कोणालाच माहीत नव्हतं, मग मागणार कोण? मुलं मोजली तर चाळीस सहज भरली असती. आईच रोज मोजत होती, पण ती मदतनीस.

अंगणवाडी हा शब्द मुळात आमच्या जिल्ह्याचा. ठाणे जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण भागातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलेलं, पण ते शहरातल्या, नीटनेटक्या घरांतल्या मुलांचं. इथे आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत यायचीच नाहीत. मग शाळा पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गारगोट्या-पानं-बिया घेऊन मोजायला बसायचं. मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात जायची, तर शाळा कुरणात. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या अंगणवाडीत त्यांचा फोटो नव्हता. आईला नाव ठाऊक होतं, कारण प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. आईने त्यातलं एकच लक्षात ठेवलं: "त्या बाईपण दारात जायच्या."

मीटिंगच्या रात्री बायको-मुलगी झोपल्यावर मी मोबाइलवर ते सात डॉलर शोधत बसलो. हिशेबाचा माणूस, आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय झोप येत नाही. तो आला मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावातून. १९६२ ते १९६७ या काळात तिथल्या पेरी शाळेत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं निवडली, तीन-चार वर्षांची. त्यातल्या ५८ जणांना बालशाळेत घातलं, ६५ जणांना नाही, आणि मग दोन्ही गटांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. बुद्ध्यांकात आधी जो फरक दिसला तो काही वर्षांत पुसट झाला. पण बालशाळेत गेलेल्या गटातले जास्त जण मोठेपणी कमावते निघाले, कमी जण तुरुंगात गेले. सात डॉलर हा त्यावरून मांडलेला एक हिशेब. नंतर जेम्स हेकमन या अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच हिशेब काटेकोर करून वर्षाला सात ते दहा टक्के परतावा असं मांडलं. सात पट आणि वर्षाला सात टक्के यांत फरक असतो, हे मी त्या खोलीत बोललो असतो तर बरं झालं असतं, पण अकाउंट्सवाल्याने अशा वेळी गप्प बसावं असा संकेत आहे.

५८ मुलं! आईच्या दोन वर्षांच्या फेरीत तेवढी बसतील. आणि त्यांच्याकडे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका. इथे सेविका आणि मदतनीस मिळून चाळीस.

मग ती ओळ वाचली, जी स्लाइडवर नव्हती. रोज सकाळी अडीच तास शाळा, आणि आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास, शिक्षिका मुलाच्या घरी जायची. आईसमोर बसून. दर आठवड्याला.

उठून पाणी प्यायलो. अमेरिकेतली ती बाई त्या आईशी काय बोलत असेल? गुडघ्यांबद्दल?

तिकडच्या सरकारने १९६५ मध्ये हेड स्टार्ट नावाची योजना काढली, ती आपल्या अंगणवाडीची दहा वर्षांनी मोठी बहीणच म्हणायची. लिंडन जॉन्सन अध्यक्ष होते, गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे वर्ग, पाच लाखांहून जास्त मुलं. शिकवण्याबरोबर जेवण, दात-डोळ्यांची तपासणी, लसी, आणि पालकांना सामील करून घेणं. तिचा फायदा टिकतो की तिसरीपर्यंत विरून जातो, यावर ते लोक आजही भांडतात. आपल्याकडे हे भांडण क्वचित ऐकू येतं. वजन वाढलं का, एवढ्यावर आपली अंगणवाडी पास-नापास होते, आणि कुपोषण इतकं आहे की त्यालाही नावं ठेवता येत नाहीत.

आईशी हे बोललो. ती मेथी निवडत होती. दीड तास घरी बसायची हे ऐकून तिने फक्त विचारलं, "मग सैपाक कोण करायचं तितं?"

तिच्या कामाच्या शेवटच्या काही वर्षांत फेरी आटत गेली होती. सेविकेच्या हातात मोबाइल आला, २०२१ पासून त्यात पोषण ट्रॅकर हे ॲप. मूल आलं, नोंद. वजन, नोंद. खाल्लं, नोंद. ॲप इतकं अडायचं की राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले होते. सेविका फोनमध्ये, म्हणजे मुलांना सांभाळायला मदतनीस, म्हणजे आणायला कोणी नाही. आई निवृत्त झाल्यावरचं वेगळंच. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज भरायलाही अंगणवाडीच, अर्जामागे पन्नास रुपये. आईची जुनी सेविका तेव्हा म्हणाली होती, आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतल्या बाया स्वतःहून माझ्या दारात आल्या.

आणि मुलंही दुसरीकडे जायला लागली. आता आळीत तीन ठिकाणी नर्सरीचे बोर्ड आहेत. एका खोलीत पन्नास मुलं, टाय लावलेली, 'ए फॉर ॲपल' ओरडणारी. महिना पाच-सहाशे. नाक्यावरचा माणूससुद्धा देतो. आईला त्याचा राग नाही. ती म्हणते, टाय दिसतो, गाणं दिसत न्हाई.

आता माझी गोष्ट सांगायलाच हवी. माझी मुलगी ऐरोलीतच प्ले-ग्रुपला गेली. वर्षाची फी अठ्ठेचाळीस हजार. आईच्या मानधनातला केंद्राचा वाटा २०१८ मध्ये वाढून महिना २,२५० झाला होता, वर्षाचे सत्तावीस हजार. राज्य आपली भर घालतं ती वेगळी. नात फुलपाखरं रंगवायला गेली तिथली फी आजीच्या सत्तावीस हजारांच्या पावणेदोन पट. हा हिशेब मी घरी कधी बोललो नाही. फीशिवाय व्हॅनचे महिना बाराशे. व्हॅन दारात यायची, आणि तिच्यात एक मावशी. माझी मुलगी रडायला लागली की मावशी खाली उतरून, जिना चढून वर यायची आणि तिला कडेवर घेऊन जायची. आई पहिल्या दिवशी गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "ही बरी हाय. दार वाजवती."

पुढच्या मीटिंगला मी बोललो. आईचं नाव काढलं नाही, 'माझ्या माहितीतल्या एक मदतनीस' म्हणालो. मांडणी सोपी होती. रंग आणि टीव्ही यांचं अंदाजपत्रक एक लाख चाळीस हजार. त्याऐवजी वस्तीतल्याच एका बाईला फक्त मुलं आणण्या-पोचवण्यासाठी महिना सहा हजार द्या. वर्षाचे बहात्तर हजार. उरलेल्यातून दुसरं वर्ष जवळजवळ निघतं.

लोक वाईट नव्हते. ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, हा रिकरिंग खर्च ना? दुसऱ्या वर्षानंतर काय? प्रश्न बरोबर होता. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, नफा कमी झाला तर ही रक्कमही कमी, मग त्या बाईला काय सांगायचं? दुसऱ्याने विचारलं, सरकारी केंद्रात आपण माणूस नेमू शकतो का, परवानगी कोणाची? हाही बरोबर. तिसऱ्याने अगदी निरागसपणे विचारलं, "पण याचा फोटो काय काढायचा?" सादर करणारी मुलगी मात्र वहीत लिहून घेत होती. मीटिंग संपल्यावर लिफ्टमध्ये मला म्हणाली, सर, ते दार वाजवण्याचं परत सांगा ना. सांगितलं.

टीव्ही बसला. व्हाउचर मीच पास केलं. भिंतीवर हत्ती, जिराफ आणि कोकणात कधी न दिसलेला पेंग्विन. खोली भाड्याची, मीटर घरमालकाचं. टीव्हीसाठी तो महिना तीनशे जास्त मागतोय. सेविकेने आम्हाला मेल पाठवायला सांगितलंय, मेल माझ्याकडे आलाय. रिकरिंग आहे. मी तो अजून पुढे पाठवलेला नाही, कुठल्या हेडखाली टाकायचा ते ठरत नाही.

आई मूळची माणची, खटाव-माणच्या दुष्काळातून इथे आलेली. तिला ऐरोलीचा फ्लॅट मानवत नाही. आठवड्यातून दोनदा दिघ्याला जुन्या शेजारणींकडे जाते. निवृत्तीचे काही पैसे अजून यायचेत. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असं सुप्रीम कोर्टाने २५ एप्रिल २०२२ ला गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं. तिची निवृत्तीही त्याच वर्षीची. ते कात्रण तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, आधारकार्डाबरोबर.

परवा दिघ्याहून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत नांदेडकडचं कुटुंब आलंय, महिना झाला. बाप सेंटरिंगवर, बाई पोटुशी. पोरगी तीन वर्षांची, दिवसभर दारातल्या दगडावर बसून असती. त्यांना अंगणवाडी कुठं हाय त्ये पण ठाव न्हाई. "फोन लाव सेविकेला."

लावला. सेविका म्हणाली, हो हो, आणा की, दोघींची नोंद करते, बाईला टीएचआरपण मिळेल, म्हणजे घरी न्यायचा आहार. पोरीच्या आईचं आधार आणायला सांगा, चेहरा जुळवावा लागतो.

मी आईला सांगितलं, आणा म्हणतायत.

"आणा म्हंजी कोणी?" ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "सोमवारी जाती म्या. सकाळच्याला."